मधमाशांची सर्व सोय केली आहे

२ मार्च

आणि म्हणे हप्त्यानं भर! परत तेच. काल फोन, परवा फोन, आज सकाळी दात घासताना फोन. दादाला दुसरा विषयच नाही. धाकटीच्या कोर्सची फी अठरा हजार, पहिला हप्ता नऊ, एकतीस तारखेच्या आत भरला की सीट पक्की, बाकीचे नऊ सहा महिन्यांनी. तुझ्याकडे नऊ आहेत ना, मग आत्ताच पाठवून मोकळा हो, असं म्हणाला. मोकळा हो! जसा काही मी कुठे अडकलोय.

मी सांगितलं, हप्ते भरायला मी फ्रीज घेतोय का? पाठवीन तर एकदम अठरा. पावती फाडताना क्लार्कनं मान वर करून बघितलं पाहिजे, कोण हा भाऊ म्हणून. दादा म्हणाला, क्लार्क मान वर करत नाही, नुसतं ‘पुढचा’ म्हणतो. दादा टायरच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर हवा भरून येतो आणि घरी आला की सगळ्यांची काढतो.

धाकटीचा कोर्स लॅबचा आहे. रक्त, लघवी वगैरे तपासायचं. आमच्या घरात बारावी बघितलेली ती पहिलीच. दादा दहावीत थांबला. मी आठवीत शाळा सोडली, शाळेनं मला सोडलं असं दादा सांगत फिरतो, ते खोटं आहे. तरी धाकटी त्याला ‘दादा’ म्हणते आणि मला नुसतं ‘ए’. एकदम अठरा गेले की बघू काय म्हणते.

हिशोब सोपा आहे. हातात सोळा. त्यातले सात खोलीच्या भाड्याचे. राहिले नऊ. नऊचे अठरा करायला अख्खा महिना पडलाय. लोकांनी याहून कमी वेळात काय काय केलंय.

४ मार्च, संध्याकाळ

मार्ग सापडला. मला नेहमीच सापडतो, फक्त लोक थांबत नाहीत.

काकू म्हणजे माझी घरमालकीण. घराच्या मागे छोटी बाग, बागेच्या कडेला माझी खोली, खोलीच्या दाराशी नळ, नळाच्या बाजूला लाल भोपळ्याचा वेल. काकांनी लावलेलं बियाणं. काका गेले, वेल आहे. काकू रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून वेलाकडे बघतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

आज आपणहून बोलल्या. म्हणाल्या, पूर्वी इतके भोपळे लागायचे की गल्लीत वाटून हात दुखायचे. गेल्या दीड वर्षापासून फुलं येतात आणि गळून पडतात. एक धरेल तर शपथ. मी म्हणालो, काकू, मी दीड वर्षापूर्वीच राहायला आलो, म्हणजे मी चांगला वेल बघितलाच नाही, माझं नशीबच तसलं. काकू ‘हं’ म्हणाल्या.

मग मी व्हिडिओ लावला. माणूस छान समजावतो. भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एकाची पिवळी पूड दुसऱ्यावर पोचवायला मधमाशी लागते. माशी नाही तर भोपळा नाही. आणि खरंच, आमच्या बागेत माशी म्हणून फिरकत नाही. मधमाशीच काय, साधी घरमाशी नाही. डास नाही. काकूंना हे पटलं. म्हणाल्या, खरंय, हल्ली अगदी शांत असतं इथं.

मी लगेच बोलून टाकलं. काकू, या महिन्यात भोपळा लावून दाखवला तर महिन्याचं भाडं माफ? काकू म्हणाल्या, मुठीएवढा झालेला एक जरी दाखवलास तर भाडं सोडते. नाही दाखवलास तर एकतीसला सातच्या सात मोजून घेईन, आणि हे बोलणं सोडशील.

म्हणजे सात वाचले. नऊ आणि सात सोळा. कोपऱ्यावरच्या खानावळीला दहा-वीस भोपळे घातले की वरचे दोन. अठरा! आणि दादा म्हणतो माझं गणित कच्चं.

वर योगायोग बघा. कीटक हा माझाच धंदा. पेस्ट कंट्रोलमध्ये दीड वर्ष काढलंय. झुरळ, ढेकूण, वाळवी, मुंगी, सगळ्यांची उठबस मला पाठ आहे. ज्याला घालवता येतं त्याला बोलावता येणार नाही? दार तेच, फक्त उघडायच्या बाजूनं.

५ मार्च

गाडीत मिशीला सांगितलं. मिशी म्हणजे आमच्या गाडीचा ड्रायव्हर, फवाऱ्याची होज धरायलाही तोच असतो. इतका हसला की सिग्नल सुटला तरी गाडी हलेना, मागचे हॉर्न मारायला लागले. म्हणाला, दिवसा मारायचे आणि संध्याकाळी बोलवायचे, मग एकाच माशीचे दोन पगार काढ की. दुसरं काहीतरी सांगणार होता, पण त्याला हसूच आवरेना आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. लोकांना दुसऱ्याचं बरं होताना बघवत नाही.

७ मार्च

नर्सरीत गेलो. झेंडू, झिनिया, सूर्यफूल, बडीशेप. माशांना रंग आवडतो म्हणे, म्हणून निवडून निवडून भडक घेतले. नर्सरीवाल्यानं विचारलं, ऊन किती येतं. मी म्हणालो, भरपूर. मग विचारलं, फवारणी वगैरे करता का. मी म्हणालो, छे, बागेत एक थेंब नाही. मी फवारतो ते लोकांच्या घरात, बागेत कशाला फवारीन? चौदाशे गेले. खर्च नाही, भांडवल.

संध्याकाळी सगळी रोपं वेलाच्या आजूबाजूला लावली, नळाजवळ. मुद्दाम. रोजचं पाणी आपोआप मिळतं. कामावरून आलो की मी फवारणीचा पंप तिथंच धुतो. कंपनीचा नियम आहे, सकाळी पंप आतून बाहेरून स्वच्छ दिसला पाहिजे. दुसरा नियम, टाकीच्या तळाशी उरलेलं औषध गटारात ओतायचं नाही. गटारात ओतणारे आहेत आमच्यात, नावं घेत नाही. मी आजपर्यंत एक थेंब गटारात ओतलेला नाही. सगळं मातीत. पाणीही वाया जात नाही आणि झाडांनाही गारवा. युनिफॉर्म धुवून वेलावरच्या दोरीवर. टपटप गळतो, तेही पाणी वेलालाच.

असा भाडेकरू काकूंना सापडणार नाही. त्यांना कळत नाही ही गोष्ट वेगळी.

१० मार्च

माशी नाही.

व्हिडिओतला माणूस म्हणतो, भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. माशा त्याच वेळात येतात. म्हणजे मी उठायच्या आत येऊन जात असतील. मी साडेआठला उठतो, नऊला गाडी येते.

ठराव: उद्यापासून सहाला उठणे. कोणत्याही परिस्थितीत.

११ मार्च

उठलो नाही. काल दोन हॉटेलांचं काम होतं, खांदा गेला. अशा परिस्थितीत उठून काय निरीक्षण होणार? अर्धवट डोळ्यांनी एका माशीच्यासुद्धा दोन दिसल्या असत्या.

१२ मार्च

उठलो! सहा वीस. पायरीवर बसलो. फुलं उमललेली, हाताच्या पंजाएवढी, पिवळीधमक, एक नंबर. बाग शांत. एकही पाहुणा नाही. तासभर बसलो. शेजारच्या कंपाउंडात गुंजारव चाललेला, कसलं तरी काटेरी रानटी झुडूप आहे, त्याला कोणी पाणी घालत नाही, खत नाही, काही नाही. आणि तिथं गर्दी! भिंतीपर्यंत येतात आणि भिंतीवरूनच माघारी वळतात.

माशांनाही चांगलं-वाईट कळेनासं झालंय. चौदाशेची रोपं सोडून फुकटच्या झुडपावर.

काकू चहा घेऊन आल्या, एकच कप, त्यांचा. म्हणाल्या, काय, मोजतोयस? मी म्हणालो, अभ्यास चाललाय. त्या म्हणाल्या, कर, कर, आठवीच्या पुढचं राहिलंय ना. दादा आणि काकूंची गाठ पडू देता कामा नये.

१४ मार्च

नवीन योजना: जेवण. माणूस बोलावताना आपण काय करतो? पानात काहीतरी वाढतो. बशीत साखरेचं पाणी केलं, वेलाखाली ठेवलं. संध्याकाळी बघतो तर मुंग्यांची रांग! बशीपासून थेट काकूंच्या स्वयंपाकघरापर्यंत, रस्त्याचं काम काढल्यासारखी.

आता मुंगी म्हणजे माझा हातखंडा. पंप खांद्यावर होताच. दोन मिनिटांत रांग साफ, बशीभोवती, वेलाखाली, भिंतीच्या कडेनं, कुठे म्हणून फट ठेवली नाही. काकू खूश. म्हणाल्या, हे बरीक छान येतं तुला. दीड वर्षात पहिलं चांगलं वाक्य. तारीख लिहून ठेवली असती, पण ती वर आहेच.

१५ मार्च

माशांसाठी घर करायचं. व्हिडिओत आहे. डब्यात पोकळ बांबूचे तुकडे भरायचे, भोकं पुढे, एकट्या राहणाऱ्या माशा त्यात येऊन राहतात. एकट्या राहणाऱ्या! मला बरं वाटलं, आपल्यासारखे निघाले. बांबू, डबा, तार, रंग, साडेचारशे. डब्यावर पिवळ्या रंगानं फूल काढलं. धाकटीला फोटो पाठवला. तिनं विचारलं, अंडं आहे का?

डबा नळाच्या वर खिळ्याला टांगला. दोरीशेजारी. हवा खेळती राहते.

१७ मार्च, सकाळ

आला!!! भुंगा! काळा, जाडजूड, घरघर करत भिंतीवरून आत शिरला, सूर्यफुलावरून एक फेरी, मग सरळ डब्याकडे. डब्यासमोर तरंगत राहिला. भोकात डोकावला. जागा पसंत पडली असणार.

मग एकदम वळून माझ्या तोंडाकडे आला आणि माझा हात सवयीनं गेला.

त्यात माझी काय चूक? दीड वर्षाचं ट्रेनिंग आहे. चप्पल हातात कधी आली तेही कळलं नाही. साहेब नेहमी म्हणतात, विचार करत बसलात तर झुरळ सुटतं.

काकूंना सांगितलं नाही. पायरीवर नव्हत्या.

१८ मार्च

दादाचा फोन. नऊ पाठवलेस का? मी म्हणालो, काम चालू आहे. दादा म्हणाला, पैसे पाठवायचं काय काम असतं, बटण दाबायचं. मी म्हणालो, तुला धंदा कळत नाही. दादा म्हणाला, मला धंदा कळत नाही, तारीख कळते, आज अठरा आहे. मी म्हणालो, अठराच पाठवणार आहे. फोन ठेवून टाकला त्यानं. हजरजबाबीपणा झेपत नाही.

खरं सांगायचं तर हातात आता सात हजार दीडशे आहेत, भाड्याचे सोडून. हा काही हप्ता चुकला असं होत नाही. अजून तेरा दिवस आहेत.

२० मार्च

मोठं पाऊल. बोलावून येत नाहीत तर आणून बसवायच्या. एक पेटीवाला सापडला, शेताच्या मालकांना माशांच्या पेट्या भाड्यानं देतो. पेटीत हजारो माशा, पंधरा दिवस आपल्या बागेत ठेवायची, काम झालं की घेऊन जातो. आगाऊ दीड हजार. फोनवर पाठवले. हजारो कामगार, पगार नाही, सुट्टी नाही. आमच्या साहेबांना कळलं तर आम्हाला काढून त्याच ठेवतील.

२१ मार्च, संध्याकाळ

पेटीवाला आला. स्कूटरच्या मागे पेटी बांधलेली, जाळी लावलेली, आतून घुमल्यासारखा आवाज. मी फाटक उघडून उभा. तो आत आला, दोन पावलं टाकली, थांबला. नाक वर केलं. दोरीवरच्या युनिफॉर्मकडे बघितलं, पाठीवर कंपनीचं नाव आणि उताण्या झुरळाचं चित्र आहे त्याकडे जरा जास्तच. नळाखालचा पंप बघितला. मातीवर वाकला, चिमूट उचलून बोटांवर घासली.

मला विचारलं, कुठे काम करता? मी अभिमानानं सांगितलं, याच लाईनमध्ये आहे, कीटक.

तो बाहेर गेला आणि पेटी न सोडताच स्कूटर चालू केली. मी मागे धावलो. म्हणालो, अहो, पेटी! तो म्हणाला, माझी लेकरं आहेत ती, आणि आगाऊ परत मिळत नाही.

माल खराब असणार. जाणकार गिऱ्हाईक दिसलं की असले लोक पळ काढतात. ठराव: यापुढे आगाऊ पैसे कोणालाही देणे नाही.

२२ मार्च

धाकटीचा फोन. फीबद्दल बोलली नाही. भोपळ्याबद्दल विचारलं. सगळं सांगितलं, भुंगा सोडून. ती म्हणाली, ए, पण माशीच कशाला पाहिजे? तूच हो ना माशी. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधला दांडा मादी फुलात घासायचा. आम्हाला अकरावीला होतं.

मी म्हणालो, मी काय फुलांच्या मागे हिंडत बसू? ती म्हणाली, तुला माशा मारायचा पगार मिळतो ना, दोन दिवस माशी होऊन बघ, बरं वाटेल.

असली भाषा. मोठा भाऊ आहे मी.

२३ मार्च, सकाळ

करून बघितलं. कोणी नसताना. सहा फुलांना घासलं. हात पिवळे झाले, नाकही. मजा काही आली नाही असं लिहून ठेवतो.

२४ मार्च

सहाच्या सहा गळाली. फोटो पाठवले. धाकटी पोट धरून हसली, म्हणाली, सगळी नरच आहेत ती, तू पुरुषांची बैठक भरवलीस. मादी फुलाच्या खाली देठाला आधीच चिमुकला भोपळा असतो, तो बघ. मी म्हणालो, व्हिडिओत हे नव्हतं. होतं. नंतर बघितलं. मी पुढे ढकलून बघितला होता.

वेलावर मादी फूल एकच होतं, भिंतीच्या पार वरच्या टोकाला, नळापासून सगळ्यात लांब. स्टुलावर चढून घासलं.

२७ मार्च

धरला. धरला! धरला!

लिंबाएवढा आहे. हिरवा, वर पांढरे ठिपके. बोटानं टकटक केलं तर भरीव लागतो. काकूंना स्टुलावर चढवून दाखवला. एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याला हळूच लावून बघत होत्या, झोपलेल्या पोराला उठवायचं नसतं तसं. उतरल्यावर आत जाऊन परत आल्या आणि चहा दिला. दोन कप होते.

दादाला फोन केला. म्हणालो, सोळाचं बघतो, वरच्या दोनचं तू बघ. दादा म्हणाला, तू नऊचं बघ. मी म्हणालो, भोपळा लागलाय! दादा म्हणाला, कुठे रे, हिशोबात?

२९ मार्च, सकाळ

मूठ लावून बघितली. जवळजवळ मुठीएवढा. माझी मूठ जरा मोठी आहे, काकूंची लावली तर आजच झाला. पण मी घाई करणार नाही. उद्या काकूंना बोलावून मूठ लावायला सांगायची, भाड्याचं त्यांनीच काढलं पाहिजे.

धाकटी एका दुकानात कामाला जाते, तिथून तिनं एकतीसची सुट्टी घेतलीय, ऑफिसात रांगेत उभं राहायला. म्हणाली, रांग सकाळपासून असते. सुट्टी घेतली म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. मी म्हणालो, बिनधास्त उभी राहा.

२९ मार्च, संध्याकाळ

लिहायची इच्छा नाही, पण नोंद पाहिजे, उद्या कोणी काहीही सांगेल.

कामावरून आलो. आधी भोपळा बघितला. त्यावर मुंग्या! पाच-सहा, देठाशी. माझ्या भोपळ्यावर! दोन दिवसांवर आलेला! पंप खांद्यावरच होता, तळाशी लिटरभर होतं. स्टुलावर चढलो आणि दिला फवारा, देठाला, भोपळ्याला, आजूबाजूच्या पानांना, बारीक नोजलनं, एकसारखा. साहेबांनी बघितलं असतं तर नव्या पोरांना दाखवलं असतं.

मागून काकूंचा आवाज. काय मारतोयस त्याच्यावर? मी म्हणालो, काही नाही, मुंग्यांचं औषध, दोन मिनिटांत साफ. काकू म्हणाल्या, खायच्या भोपळ्यावर? मी म्हणालो, काकू, वास येत नाही त्याला, नवीन आहे, इंपोर्टेड.

मी उतरून सवयीनं नळ सोडला, पंप उलटा केला, धुतला, पाणी झेंडूत. काकू बघत होत्या. काकू रोज पायरीवर बसतात, पण मी आल्यावर आत जातात, त्यामुळे हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

विचारलं, हे तू कधीपासून करतोस?

मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून, काकू. एक दिवस चुकवला नाही. गटारात ओतायचं नाही असा नियम आहे.

काकूंनी नळाकडे बघितलं. वेलाकडे बघितलं. दोरीवरच्या युनिफॉर्मकडे बघितलं, त्यातून पाणी गळत होतं. शेजारच्या काटेरी झुडपाकडेही बघितलं. मग खाली पायरीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं. नुसतं म्हणाल्या, दीड वर्ष. आणि मला वाटलं, काका गेले म्हणून वेलानं सोडलं.

मी म्हणालो, काकू, पण भोपळा तर लागलाय. मुठीएवढा.

काकू म्हणाल्या, तो तूच खा.

३० मार्च

सुट्टी टाकली. काकूंच्या अटी: नळाभोवतीची, वेलाखालची सगळी माती हातभर खोल उकरून काढायची, पोत्यांत भरून कंपनीकडे न्यायची, त्यांचं औषध त्यांनी सांभाळावं. नवीन माती माझ्या खर्चानं. पंप यापुढे कंपनीतच धुवायचा. युनिफॉर्मही. भाडं पूर्ण. वेल मुळासकट काढायचा, भोपळ्यासकट. बियाणं त्यांच्याकडे डब्यात आहे म्हणाल्या, थोडंसं. ते माझ्या हाताला लागू द्यायचं नाही.

कंपनीत साहेब म्हणाले, पोती इथं कशाला? मी म्हणालो, तुमचाच माल आहे. ते म्हणाले, पंप घरी न्यायला कोणी सांगितलं, धुवायची जागा मागे आहे, त्यासाठी वेगळा हौद बांधलाय. मिशी म्हणाला, अरे, हेच सांगणार होतो त्या दिवशी. मी म्हणालो, मग सांगायचं ना! तो म्हणाला, तू खिडकीबाहेर बघत होतास.

हौद मी बघितलेला. मला वाटलं, गाडी धुवायचा आहे. आणि तिथं रांग असते. घरी नळ रिकामा.

टेम्पो आणि नवीन माती मिळून दोन हजार. टेम्पोवाला म्हणाला, नुसती माती नेतोय की कोणाला पुरलंय? काकू पायरीवरून म्हणाल्या, अजून नाही.

हाताला फोड आलेत. खोरं धरायची सवय राहिली नाही. भोपळा काढला तेव्हा देठाजवळ अजून एक मुंगी होती. जिवंत. चालत होती आरामात. म्हणजे औषधातसुद्धा दम नाही, यासाठी एवढं सगळं.

दादाला फोन केला नाही. काय सांगायचं ते तयार आहे, मुद्देसूद. पहिला मुद्दा, कंपनीनं नीट ट्रेनिंग दिलं नाही. दुसरा, पेटीवाल्याला सगळं कळलं होतं तर बोलायला काय झालं होतं. तिसरा, काकूंनी दीड वर्षात एकदा तरी पायरीवर थांबायला पाहिजे होतं. चौथा सुचतोय.

३१ मार्च, सकाळ

काकूंना सात दिले. त्यांनी मोजून घेतले. मग आत गेल्या.

दादालाच फोन करावा लागला, त्याचा आला नाही. मी सुरुवात केली, की बघ दादा, झालं काय, कंपनीत एक हौद आहे. त्यानं मध्येच थांबवलं. म्हणाला, हौदाचं राहू दे. मागे दुकानाचा आवाज होता, कोणीतरी चाकावर हातोडी मारत होतं. म्हणाला, मालकाकडून उचल घेतलीय, किती भरायची तेवढं कळू दे, नऊत तुझे किती? मी म्हणालो, आधी ऐक तरी, माती काढायचा खर्च मी धरलाच नव्हता, आणि त्या पेटीवाल्यानं, आणि बांबूचं म्हणशील तर. तो म्हणाला, अरे, ती खिडकीपाशी पोचलीय. पुढे दोनच माणसं आहेत. फोन धरून उभी आहे. माझ्याशी भांडायचं असेल तर रविवारी भांड, मी घरीच आहे.

मी म्हणालो, तू चिडला नाहीस?

तो म्हणाला, आकडा सांग.

त्याच वेळी धाकटीचा मेसेज आला. एकच माणूस राहिला असं लिहिलं होतं. मला आणि दादाला, दोघांना एकदम.

बटण दाबलं. पाठवले: तीन हजार सहाशे पन्नास.